मुका सबवूफर आणि रुसलेले व्याही

रविवारी सकाळी व्याही चहाला येणार होते आणि शनिवारची दुपार कलली तरी मल्लिकार्जुन अप्पांच्या दिवाणखान्यातला सबवूफर तोंड उघडायला तयार नव्हता. होम थिएटरचं बाकीचं बिऱ्हाड व्यवस्थित नांदत होतं. पाच छोटे स्पीकर पाच जागी चिकटवल्यासारखे बसले होते. मधला रिसीव्हर, म्हणजे ज्या डब्याला सगळ्या वायरी जाऊन मिळतात तो, हिरवे आकडे दाखवत ऐटीत उभा होता. फक्त धडधड काढण्यासाठी आलेला गुडघ्याएवढा काळा चौकोनी खोका तेवढा गप्प होता. हे सगळं सामान बेंगळुरूला नोकरीला असलेल्या रुद्रेशनं, अप्पांच्या मुलानं, पाठवलं होतं. स्वतः मात्र तो 'सुट्टी मिळत न्हाय' म्हणून तिकडंच राहिला होता.

अप्पा शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी. ढेपेवर बोटं वाजवून ती आतून कशी आहे हे सांगण्यात त्यांची हयात गेली. त्यांनी खोकाही चारी बाजूंनी वाजवून पाहिला, पण आत काय आहे याचा काही अंदाज लागेना.

"एवढं काय अडलंय त्या डबड्यावाचून?" अप्पांच्या बायकोनं, अक्काताईंनी, स्वयंपाकघरातून विचारलं. "पाच बोलतात की. सहावं न्हाय बोललं तर काय पावणं उठून जाणार हायत?"

"तुला न्हाय कळायचं," अप्पा म्हणाले, आणि मग त्यांना स्वतःलाच वाईट वाटलं, कारण अक्काताईंना सगळं कळत होतं.

गोष्ट अशी होती, की गेल्या वर्षी वैशाखात त्यांची लेक रक्षिता जयसिंगपूरच्या बसगोंडा पाटलांच्या घरी दिली. लग्न झोकात झालं. पण पंगतीत वाढप्यानं हुग्गीची, म्हणजे आपल्या गव्हाच्या खिरीची, बादली नेमकी बसगोंडांच्या पानावरून पुढं नेली. लिंगायताच्या लग्नात वराच्या बापाला हुग्गी पोचली नाही म्हटल्यावर पुढं काय होणार हे सांगायला नको. बसगोंडांनी तिथंच हात धुतले. तेव्हापासून त्यांनी कोल्हापूरच्या व्याह्यांच्या घरचा उंबरा ओलांडला नव्हता. रक्षिताही सकाळी नवऱ्याबरोबर यायची आणि संध्याकाळी परत जायची. 'चार दिवस ठेवून घ्या' असं तिकडून कुणी म्हणेना आणि 'ठेवून घेतो' म्हणायची इकडून कुणाची छाती होईना. लग्नानंतरची पहिली नागपंचमी तशीच गेली. गल्लीतल्या सगळ्या लेकी माहेरी आल्या, फेर धरून नाचल्या, आणि अक्काताई लाह्या फोडताना पदराला डोळे पुसत राहिल्या. आता दुसरी पंचमी तोंडावर आली होती.

अशात निरोप आला, की बसगोंडा एका साखरपुड्यासाठी कोल्हापुरात येत आहेत, सूनही बरोबर आहे, वाटेत चहाला थांबतील. निरोपात 'फक्त चहा' हे दोनदा सांगितलेलं होतं.

अप्पांनी बेत केला. लग्नाच्या सीडीत बसगोंडा वरातीपुढं नाचले होते. साधेसुधे नाही, फेटा सुटेपर्यंत नाचले होते. माणसाला त्याचाच नाच मोठ्या टीव्हीवर, ढोलाच्या खऱ्याखुऱ्या आवाजात दाखवला तर त्याचा राग टिकायचा नाही, असा अप्पांचा विश्वास होता. पण छोट्या स्पीकरांतून ढोल कसा वाजत होता, तर कुणीतरी वाटीवर चमचा मारावा तसा. असल्या आवाजावर कोण विरघळणार? म्हणून सबवूफर बोलणं गरजेचं होतं. अप्पांच्या हिशेबी त्या काळ्या खोक्यावर लेकीची पंचमी टेकलेली होती.

शेवटी त्यांनी जोतीरामला बोलावलं. जोतीराम म्हणजे गल्लीतल्या मंडळाचा आवाजाचा माणूस. गणपतीच्या मिरवणुकीत त्यानं स्पीकरची भिंत उभी केली की पलीकडच्या पेठेतल्या खिडक्या थरथरायच्या, आणि याचा त्याला फार अभिमान होता.

"सरका अप्पा," जोतीराम म्हणाला आणि दातानं वायर सोलायला लागला.

"अरं, त्याला पिन हाय. सोलायची न्हाय."

"पिन हाय व्हय? मग काय, खेळणंच की." त्यानं पिन रिसीव्हरच्या मागं दिसलेल्या पहिल्या भोकात घातली. खोक्यातून काही आलं नाही. दुसऱ्या भोकात घातली, तेव्हा 'घूंऽऽ' असा आवाज आला.

"मिक्सर कुणी लावला?" अक्काताई बाहेर आल्या.

"मिक्सर न्हाय काकी, जीव आला ह्यात!" जोतीरामनं पिन जरा हलवली आणि जीव परत गेला. त्यानं खोक्याच्या पुढच्या भोकाला तोंड लावून "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" असं म्हणून पाहिलं. मग भोकाला कान लावला. एवढं करून तो उठला आणि खोक्याच्या मागचं बटण शेवटपर्यंत पिळलं.

"हे काय केलंस?"

"फुल केलं. आमच्यात असंच असतंय, अप्पा. आवाज न्हाय आला की पयलं सगळं फुल करायचं. मग निवांत वायर हुडकायची."

अप्पांनी बेंगळुरूला फोन लावला. मोबाईलचं इनकमिंग नुकतंच फुकट झालं होतं, त्यामुळं रुद्रेशनं फोन कापून स्वतः लावावा एवढीच त्यांची अपेक्षा होती. त्यानं लावला.

"अप्पा, मागं 'सबवूफर आऊट' लिवलेलं असंल. एकटंच भोक असतंय, जांभळ्या कडंचं. त्यात घाला."

घातली. पिन अगदी घट्ट बसली. खोक्यावरचा दिवा पेटला. आवाज मात्र नाही.

"मग सेटिंगमध्ये कायतरी असंल," रुद्रेश म्हणाला. "मी हापिसात हाय. बघतो आणि उद्या सांगतो."

"उद्या पावणं हायत रं!"

"सकाळी सांगतो की!" फोन बंद झाला.

जोतीरामनं पेचकस खिशात घातला. "अप्पा, मला इचाराल तर ह्यो जन्मापासनं मुका हाय. कंपनीतच काय तरी ऱ्हायलंय." एवढा निकाल देऊन तो निघून गेला. मागचं बटण फुल आहे ते फुलच राहिलं, आणि त्याची आठवण त्यालाही राहिली नाही आणि अप्पांनाही.

अक्काताईंना मुक्या माणसांशी वागण्याची सवय होती. त्यांचा संसार एका अशाच माणसाशी झाला होता. त्यांनी खोक्यावर चादरीची जाड घडी टाकली, वरून पोपट भरलेला रुमाल अंथरला आणि कडा नीट ओढून घेतल्या. "पावण्यांपुढं उघडं काळं डबडं नको. चहाचा ट्रे ठेवायला झाला."

रविवारी जीप दारात उभी राहिली. बसगोंडा उतरले. चांगले धिप्पाड गृहस्थ, पांढरा नेहरू शर्ट, पांढरी टोपी. मान वळेना, पाठ वाकेना, ताठच्या ताठ चालत ते आत आले. रुसवा अजून एवढा ताठ असेल असं अप्पांना वाटलं नव्हतं. मागून रक्षिता आली, आईला बघून हसली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"या बीगर, या. कुंद्री, कुंद्री," अप्पा म्हणाले. दोन्ही घरांत मराठीच बोलत, पण आदर दाखवायचा झाला की व्याह्याला बीगर म्हणायचं आणि 'बसा'च्या ऐवजी 'कुंद्री' म्हणायचं, अशी रीत होती. त्यांनी गादीची नक्षीदार खुर्ची पुढं सरकवली.

बसगोंडांनी खुर्चीकडं पाहिलं, मग अप्पांकडं पाहिलं. "ही मोठ्या माणसांची खुर्ची. आमच्या पानापतोर हुग्गी बी पोचत न्हाय, आम्हाला कशाला पायजे खुर्ची? आम्ही आपलं हितं." आणि ते पोपटांच्या रुमालावर, खाली असलेल्या सबवूफरवर, जोर लावून बसले.

अक्काताईंनी तोंड उघडलं, पण अप्पांनी डोळ्यांनीच त्यांना थांबवलं. सव्वा वर्षानं घरी आलेला, हुग्गीवरून रुसलेला व्याही स्वतः होऊन एका जागी बसलाय आणि त्याला 'तिथनं उठा' म्हणायचं? मग पंचमी कसली आणि दिवाळी कसली, लेकीचं माहेरच बंद. शिवाय खोका मुकाच आहे की, बसले तर बसले, अशी अप्पांनी स्वतःची समजूत घातली. घाम मात्र त्यांना तरीही आला.

"चहा?" अप्पा म्हणाले.

"फक्त चहा," बसगोंडा म्हणाले.

चहा आला. ट्रे ठेवायला जागा नव्हती म्हणून रक्षिता तो हातात धरून उभी राहिली. अप्पांनी घाईघाईनं सीडी लावली. टीव्हीवर गुलाबाची फुलं उमलली, एका फुलातून रक्षिता आली, दुसऱ्यातून जावई आले, मग दोघं एका बदामात शिरले. बसगोंडांच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. हळद झाली, बांगड्या झाल्या. कपात चहा तळाला गेला आणि वरात अजून दूर होती.

"बरं, निघतो आम्ही," बसगोंडा म्हणाले. म्हणाले खरे, पण उठले मात्र नाहीत. एका हातात कपबशी धरून, दुसरा गुडघ्यावर ठेवून तसेच बसून राहिले.

तेवढ्यात जोतीराम धावत आत आला.

"अप्पा! घावलं!" तो दारातूनच ओरडला. "रुद्रेशचा फोन मला आला, तुमचा बंद लागत हुता म्हणून." पाहुण्यांसमोर वाजायला नको म्हणून अप्पांनी मोबाईल सकाळीच बंद करून ठेवला होता. "मेनूत सबवूफरपुढं 'नो' हाय. ते 'येस' करायचं. एवढंच हुतं बघा. कुठाय रिमोट?"

"जोतीराम, ऱ्हाऊ दे! आता नको!"

"आता न्हाय तर कवा? एकच बटन हाय की!" रिमोट त्याच्या हातात पोचलाही होता. टीव्हीवर अक्षरं उमटली, पिवळी पट्टी खाली सरकली. "हे बघा, येस. आणि ते डबडं कुठं गेलं?"

अक्काताईंनी बोटानं बसगोंडांच्या खाली दाखवलं. जोतीरामनं तिकडं पाहिलं. त्याच क्षणी सीडीत वरात कोपऱ्यावरून वळली आणि ढोलावर पहिली टिपरी पडली.

घरात धडाऽऽम् झालं. शोकेसमधली बशी सरकून काचेला भिडली. भिंतीवरचं कॅलेंडर उलटून पुढच्या महिन्यावर गेलं. बसगोंडांची टोपी डोळ्यांवर आली, गाल हलायला लागले, हातातला कप बशीवर वाजायला लागला, आणि त्यांच्या तोंडून शब्द तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडले.

"हे... हे... का... का... य... य..."

"बीगर!" अप्पा ओरडले, पण ढोलापुढं त्यांचं ऐकतो कोण! टीव्हीत बसगोंडा फेटा उडवत नाचत होते आणि इथं खोक्यावर बसगोंडा, स्वतःची काही इच्छा नसताना, त्याच तालात नाचत होते. जोतीराम घाबरून जे दिसेल ते बटण दाबत होता आणि प्रत्येक बटणाला आवाज वाढत होता. अप्पांनी भिंतीकडं झेप घेतली आणि वायर प्लगासकट उपसली.

सगळं शांत झालं. बसगोंडा डोळे मिटून बसले होते. रक्षितानं ट्रे छातीशी धरला होता. अक्काताई पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, पण तो व्याह्यांना द्यावा की नवऱ्याला, हे त्यांना ठरवता येईना. संपलं सगळं, अप्पांनी मनाशी म्हटलं. पहिल्यांदा उपाशी उठवलं, आता घरी बोलावून हादरवलं. लेक आता आपल्याला फक्त सीडीत दिसणार. त्यांना रडूच यायचं बाकी राहिलं होतं.

बसगोंडांनी एक डोळा उघडला. "बंद कुणी केलं?"

"मी केलं, बीगर. चूक झाली, मोठी चूक झाली. ते यंत्र हाय, तुम्ही बसला, मला सांगायला तोंड न्हाय झालं..."

"लावा परत."

"आं?"

"लावा म्हणतोय की!" बसगोंडांनी हळूच मान डावीकडं वळवली, मग उजवीकडं. मग कंबर. त्यांच्या चेहऱ्यावर लहान पोरासारखं आश्चर्य पसरलं. "सुटली! ही बघा, सुटली! चार महिने झालं, कंबर धरून बसलीया. सांगलीचं डाक्टर झालं, गगनबावड्याचा वैद झाला, तेल झालं, पट्टा झाला. खाली वाकता ईना, मान फिरवता ईना. मऊ खुर्चीत बसलो तर उठवायला दोन माणसं लागत्यात, म्हणून तर ह्या टणक डब्यावर बसलो. हुग्गीचं आपलं म्हणायला."

आत्ता कुठं अप्पांच्या ध्यानात आलं. म्हणजे तो ताठपणा रुसव्याचा नव्हता, कमरेचा होता!

वायर परत लागली. जोतीरामनं आता मिरवणुकीतला सगळा अनुभव पणाला लावला. "मालक, जरा फुडं सरका. हां. आता खालचा आवाज वाढवतो, वरचा कमी करतो." ढोल सुरू झाला, बसगोंडा थरथरायला लागले आणि थरथरत थरथरत हसायला लागले. टीव्हीतला आपला नाच त्यांनी आता पहिल्यांदाच नीट पाहिला. "आरं तिच्या! त्यो मी? त्यो मीच की! बगा बगा, रक्षिता, तुझा सासरा बग!" वरात संपली की मागं नेऊन पुन्हा लावली जात होती. साखरपुडा तिकडं कुणाच्या तरी घरी आपापला पार पडला. अक्काताईंनी आतून मोठी वाटी भरून हुग्गी आणली, कारण 'फक्त चहा' म्हणणाऱ्या पाहुण्यासाठीही त्या ती पहाटेच करून बसल्या होत्या. खोक्यावर बसून खाताना चमचा तोंडाऐवजी गालाला लागत होता, पण बसगोंडांनी वाटी चाटूनपुसून रिकामी केली.

अप्पा खुर्ची ओढून व्याह्यांजवळ बसले. हीच वेळ होती. "बीगर, रक्षिताला पंचमीला..."

"न्या की."

"चार दिवस?"

"आठ दिवस न्या. मी कवा न्हाय म्हणलोय? तुम्ही इचारलंच न्हाय." बसगोंडांनी वाटी खाली ठेवली. "खरं सांगू का बीगर? हुग्गीवरनं रुसलो, ते चार दिवसात इसरलो बी. पण रुसवा धरलेला सोडायचा कसा, हे कुणी सांगंना. तुम्ही बोलवंना, मला यायला ईना." अप्पांचे डोळे भरून आले. बसगोंडांनी लगेच खोक्यावर थाप मारली. "पण ह्यो डबा मी नेणार."

अप्पांनी त्या क्षणी टीव्हीही देऊन टाकला असता. रक्षितानं स्वतः खोका उचलून जीपमध्ये ठेवला. संध्याकाळी रुद्रेशनं मोठ्या उत्साहानं फोन केला.

"अप्पा, बेस कसा हाय?"

"बेस जयसिंगपुरात हाय," अप्पा म्हणाले, आणि पोटभर हसले.

दोन-तीन दिवसांनी जयसिंगपूरहून फोन आला. "बीगर, डबा बोलंना. प्लगात लावला, वर बसलो, सकाळधरनं बसलोय."

"बीगर, त्यो एकटा न्हाय बोलत. त्याला हितला रिशीवर लागतोय, त्यातनं आवाज जातोय. पाठवून देऊ का त्यो बी?"

"छ्या, छ्या! तुमचं सगळं घर उचलून आणायला मी काय जप्तीवाला हाय? ऱ्हाऊ दे. बगतो मी कायतरी."

त्यांनी काय बघितलं, ते पंचमीच्या आदल्या दिवशी कळलं. जीप थांबली. रक्षिता पिशवी घेऊन उडी मारून उतरली. वर्षभर पहाटे उठून सासऱ्याचा पहिला, दुसरा आणि तिसरा चहा करणारी पोर, आता आठ दिवस ऊन अंगावर येईपर्यंत झोपायचं ठरवून आली होती. तिच्यामागून वळकटी काखेत मारून आणि सबवूफर पोटाशी धरून बसगोंडा उतरले. चालणं मोकळं होतं, चेहरा प्रसन्न होता.

"म्हणलं, पोरगी येतीया तर मी बी येतो चार दिवस. आता काय आपल्यात रुसवाफुगवा न्हाय!"

जोतीरामनं यावेळी एका दमात वायर लावली. पाचच मिनिटांत घर ढोलाच्या तालावर हलायला लागलं. बाहेर गल्लीत पोरी जमल्या होत्या, फेराची गाणी सुरू झाली होती. रक्षितानं नवी बांगडी भरलेला हात सावरत दाराकडं पाऊल टाकलं, आणि दिवाणखान्यातून हाक आली, "रक्षिताऽऽ! पोरी, जरा चहा टाक गं!"

रक्षिता स्वयंपाकघरात गेली आणि एका हातात पातेलं धरून, दुसरा कमरेवर ठेवून मागोमाग आलेल्या बापापुढं उभी राहिली. "अप्पा, खरं सांगा. मी माहेराला आलोय, का माझं सासर हिकडं आणून ठेवलंय तुम्ही?"

अप्पांना हसू आवरेना. सव्वा वर्ष ज्या पोरीची वाट पाहिली ती समोर उभी राहून भांडत होती, यापेक्षा आणखी काय हवं होतं? त्यांनी तिच्या हातातलं पातेलं काढून घेतलं. "तू जा बाहेर, खेळ जा. म्हातारं मी बघतो."

ती पळाली. अप्पांनी आयुष्यात पहिल्यांदा स्टो पेटवला. चहा पावडर किती आणि आलं कधी टाकायचं, हे विचारायला अक्काताई नव्हत्या. त्याही बाहेर फेरात शिरल्या होत्या. अप्पांनी अंदाजानं दोन्ही गोष्टी भरपूर टाकल्या, नेहमीचा गूळही टाकला आणि कप दाराआडून जोतीरामच्या हातात दिला.

बसगोंडांनी थरथरत एक घोट घेतला. मग दुसरा घेतला. मग ढोलापेक्षा मोठ्या आवाजात ते म्हणाले, "बीगर, कुठं बी असू दे, आमच्या सुनंच्या हातचा चहा मी डोळं झाकून वळखतो! रक्षिता, अजून एक आण गं!"

आत अप्पांनी मिशीवरून हात फिरवला आणि दुसरं आधण ठेवलं.